मुद्दाम केलेल्या चुका

दादाची वाचा गेली ती एका सकाळी, दाढी करताना. अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच, वस्तरा बेसिनमध्ये पडलेला, आणि तो आरशासमोरच्या स्टुलावर बसून राहिलेला, कुणीतरी हाक मारील म्हणून थांबल्यासारखा. खारूताईने हाक मारली. त्याने मान वळवली, तोंड उघडलं, आणि तोंडातून जे बाहेर आलं त्याला शब्द म्हणता आलं नसतं.

खारूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते दादानेच पाडलेलं. लहानपणी हातात खाऊ पडला की ती तो खायची नाही, कुठेतरी दडवून ठेवायची आणि मग जागा विसरायची. उशीच्या अभ्र्यात, बापाच्या बुटात, बागेतल्या कुंडीखाली. दादा चार वर्षांनी मोठा. तो बरोबर शोधून काढायचा, अर्धा स्वतः खायचा आणि अर्धा तिच्या हातावर ठेवून म्हणायचा, "घे खारूताई, तुझंच आहे." साठी उलटली तरी तो तिला याच नावाने हाक मारी. पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं काम चाले. कुणाची पँट आखूड करून दे, कुणाची चेन बदलून दे, जुन्या कोटाला नवं अस्तर लाव. तिथे गिऱ्हाईक उभं असलं तरी आतून हाक यायची, "खारूताई, चहा होतोय का आज?" गिऱ्हाइकं हसायची. ती ओशाळायची, पण तिला ते आवडायचंही.

तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आईबापांच्या घरी परत आली. दादाने लग्नच केलं नाही. आईबाप गेल्यावर हे दोघंच उरले. तिसरं भावंड, धाकटी बहीण, समुद्रापलीकडे संसार थाटून होती आणि दर रविवारी फोन करायची.

दादाने उभा जन्म एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढला. औषधाची बाटली हातात देताना तो पेशंटला एवढ्या सूचना द्यायचा, की मागची रांग कुरकुरायची. एकदा तर रस्त्यावर पोचलेल्या एका बाईला त्याने धावत जाऊन गाठलं आणि सांगितलं, "चमचा म्हणजे चहाचा बरं का. डाव नव्हे!" चुकीचं किंवा अर्धवट सांगितलेलं त्याला सहन व्हायचं नाही. घरातही तेच. खारूताईने एखादी जुनी आठवण काढली की दुसऱ्याच वाक्याला त्याचं सुरू, "थांब, थांब. मंगळवार नव्हता तो. आणि बाबांच्या हातात छत्री नव्हती, काठी होती." मग गोष्ट त्याची व्हायची. तो ती सांगायचाही अशी, की ती स्वतः तिथे हजर असूनसुद्धा पहिल्यांदाच ऐकतेय असं तिला वाटायचं. तरी चिडायचीच. "जन्मात माझी एक गोष्ट पुरी होऊ दिली नाहीस," म्हणायची. तो म्हणायचा, "बरोबर सांगशील त्या दिवशी होऊ देईन."

आता तिला पाहिजे तेवढ्या गोष्टी पुऱ्या करायची मुभा होती.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा थंडी होती. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा विसरून राहिल्यासारखा. त्याचे डॉक्टर तर कधीच निवृत्त होऊन गेले होते. नवे डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "त्यांना ऐकू येतंय. कळतही असेल बरंचसं. पण शब्द बाहेर यायची वाट बंद झालीय. ती थोडीफार उघडते कधीकधी." 'कधीकधी' हा शब्द खारूताईने घट्ट धरून ठेवला. डॉक्टरांनी तो किती सैल सोडला होता हे तिच्या लक्षात आलं नाही.

आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवणारी बाई यायची. चांगली होती बिचारी. दादाला 'काका' म्हणायची आणि त्याच्यापुढे चित्रांचे पत्ते मांडायची. कप, किल्ली, मांजर. "काका, हे काय आहे? म्याँव करतं ना?" दादा डोळे मिटून घ्यायचा. औषधांची लांबलचक नावं तोंडपाठ असलेल्या माणसाला कुणी मांजर विचारावं! खारूताईला त्याच्या मिटलेल्या पापण्यांवरूनसुद्धा कळायचं, की तो संतापलाय. मग हळूहळू तो संतापेनासाही झाला. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं तर तसा, भिंतीकडे केलं तर तसा.

संध्याकाळची प्रार्थना आता तिच्या गळ्यात पडली. ही प्रार्थना कुठल्या ग्रंथातली नव्हती. बाप शहराच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या कामावर होता, आणि ती त्याने स्वतःच जुळवली होती. जेवायला बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो उभ्यानेच म्हणायचा: "दिवस तू दिलास, तो तुला परत. चांगलं झालं ते तुझं, चुकलं ते आमचं. उद्या दार उघडलंस तर आत येऊ." एवढीच. बापामागे दादा ती म्हणू लागला. खारूताई आपली ओठ हलवायची, लक्ष गॅसवरच्या भांड्याकडे. खरं सांगायचं तर तिचं देवाशी फारसं बोलणं नव्हतंच. दादाचं होतं, तेव्हा घरातून एकाने बोललेलं पुरे, असं ती धरून चालली होती. आता म्हणणारा गप्प झाला, आणि ओठ हलवणारीवर म्हणायची वेळ आली. ती म्हणायची. आपण दुसऱ्याच्या खात्यातून काहीतरी काढू पाहतोय आणि समोरचा सही जुळतेय का ते बघतोय, असं तिला वाटायचं.

थंडी सरली. घरामागच्या बागेत तुतीला पालवी फुटली, डाळिंबावर लाल कळ्या आल्या. बापाने पाणीपुरवठ्यातल्या टाकाऊ लोखंडी नळांची कमान उभी केली होती, तिच्यावर वेली गुलाब चढले. दरवर्षी दादा छाटणी करायचा, आळी करायचा, मुंग्यांशी भांडायचा. यंदा कुणी काहीच केलं नव्हतं. बागेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ती दुप्पट जोमाने वाढली होती, आणि खारूताईला पहिल्यांदा तिचा राग आला.

शेजारी एक गवंडी राहायचा, आडदांड आणि अबोल. तो कामावर जाण्याआधी दादाला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत सोडायचा आणि संध्याकाळी परतल्यावर पुन्हा आत न्यायचा. खारूताई शिवायचं काम घेऊन शेजारी पायरीवर बसायची. अशाच एका रविवारी धाकटीचा फोन आला. दादालाही ऐकू जावं म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला.

"तुती पिकायला लागल्यात गं," खारूताई म्हणाली. "आठवतं, आईने धुतलेल्या पडद्यांवर पडल्या होत्या त्या? सगळे पडदे जांभळे!"

"मला कशी आठवणार? मी कुठे होते तेव्हा?" धाकटी म्हणाली. आणि तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"अं! अं!"

खारूताईने वळून पाहिलं. दादाचा डावा हात वर उचललेला होता. पहिलं बोट ताठ. चेहऱ्यावर तोच तो भाव, 'थांब, थांब'चा. कपाळाला आठ्या, डोळे तिच्यावर रोखलेले.

"काय झालं दादा? चुकलं माझं?"

"अं!" बोट जोरात हललं.

पडदे नव्हतेच ते. चादरी होत्या. हे तिला बोलल्यावर आठवलं, पण ती ते बोलली नाही. हातातली पँट खाली ठेवून ती म्हणाली, "पडदेच होते. मला पक्कं आठवतंय." दादाचा चेहरा लाल झाला. दातओठ खाऊन तो काहीतरी ढकलत होता, भरलेलं कपाट एकट्याने सरकवावं तसं. शब्द आला नाही. पण किती दिवसांनी त्या खुर्चीत कुणीतरी माणूस बसलेला होता!

बोलणं शिकवणाऱ्या बाईला तिने हे सांगितलं. बाई म्हणाली, "मावशी, ज्याने त्यांना बोलावंसं वाटेल ते करा. पत्ते राहू देत."

मग खारूताईने चंग बांधला. रोज सकाळी एक आठवण काढायची आणि तिचं मुद्दाम वाटोळं करायचं. आधी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ती खरी गोष्ट नीट आठवायची, मग कुठे काडी घालायची ते ठरवायची. जन्मभर ज्या चुकांसाठी बोलणी खाल्ली त्या चुका ती आता घासूनपुसून तयार करू लागली. बापाच्या टक्कल पडलेल्या डोक्यावर तिने भरघोस केस लावले. आईला, जिला साधी सुई ओवता यायची नाही, शिवणकामात पटाईत केलं. त्यांच्याकडे एक बकरी होती, तिने बापाची नवी टोपी खाल्ली होती. खारूताईने त्या बकरीची गाय केली, टोपीचा बूट केला. दादा बोट नाचवायचा, मांडीवर थाप मारायचा, कधी संतापाने, कधी चक्क हसून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा, तिरप्या तोंडाने. तिलाही हसू आवरायचं नाही. गुलाबाच्या पाकळ्या दोघांच्या अंगावर पडायच्या. तेवढ्या वेळात आई, बाप, बकरी सगळे बागेत येऊन बसल्यासारखे वाटायचे. संध्याकाळी ती प्रार्थनेतही खोट करू लागली. "चांगलं झालं ते आमचं, चुकलं ते तुझं," असं तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दादाने डोळे एवढे वटारले, की तीच घाबरली, आणि मनातल्या मनात देवाला म्हणाली, "रागावू नकोस रे, तुला कळतंय ना कशासाठी ते?" देवाशी ती स्वतःहून बोलल्याचा तिच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच प्रसंग.

आणि मग एका सकाळी ती पुन्हा तुतीच्या गोष्टीवर आली.

गोष्ट अशी होती. आत्या सहकुटुंब राहायला यायची होती. आईने घरातल्या यच्चयावत पांढऱ्या चादरी धुऊन तुतीखाली वाळत घातल्या. वारा सुटला, पिकलेल्या तुती टपाटप पडल्या, चादरींवर जांभळे डागच डाग. आई रडायलाच बसली. बाप कामावरून आला, त्याने चादरी पाहिल्या, एक शब्द न बोलता बादलीभर तुती गोळा केल्या, मोठ्या पातेल्यात उकळल्या आणि सगळ्या चादरी त्यात बुडवून काढल्या. "आता डाग कुठे दाखव," म्हणाला. आत्या त्या जांभळ्या चादरींवर झोपली आणि सकाळी उठली ती एक गाल जांभळा घेऊन. तशीच प्रार्थनेच्या सभागृहात गेली. सगळी माणसं तिच्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला वाटलं, आपली नवी साडी फार खुलून दिसतेय. घरातल्या कुणाचीही तिला सांगायची छाती झाली नाही.

"तर आईने पडदे धुतले," खारूताईने सुरुवात केली. "आणि काका यायचे होते. काकांचा गाल..."

"च," दादा म्हणाला.

ती पुढे झुकली. "काय? पडदेच ना?"

"च... च..." मान पुढे आली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. "चा... दर!"

"काय म्हणालास?"

"चादर!" दादा ओरडला. स्पष्ट. जुन्या आवाजात. तुतीवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. "चादर! चादर!"

खारूताई पायरीवरून उठली ती मांडीवरचे कपडे तुडवतच. तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली. "चादरच रे दादा. चादरच होती. मी चुकले." मग तिने धाकटीला फोन लावला, तिकडे कोणती वेळ असेल याचा विचार न करता. "बोलला गं! ऐक, ऐक," म्हणून फोन त्याच्या तोंडाशी धरला. "चादर," दादा म्हणाला. पलीकडे धाकटी हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. संध्याकाळी गवंडी आला तेव्हा त्यालाही ऐकवलं. तो अबोल माणूस नुसता मान हलवत राहिला, मग म्हणाला, "काकांनी आता चादर मागितली तर द्या म्हणजे झालं." त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसली.

पण दुसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे केल्यावर दादा म्हणाला, "चादर." पाणी हवं तर चादर. ऊन लागतंय, चादर. आरशात स्वतःकडे बघून चादर. खारूताईकडे बघून, अगदी मायेने, चादर. बोलणं शिकवणाऱ्या बाईने ऐकलं, आणि तिचा चेहरा जरासा पडला. तो चटकन सावरत ती म्हणाली, "असं होतं कधीकधी, मावशी. एकच शब्द अडकून बसतो. दारात अडकलेल्या टेबलासारखा. मागचे येत नाहीत." बाईने हे बोलायला नको होतं असं खारूताईला वाटलं. टेबल तर टेबल, दारापर्यंत आलंय ना? तिने गोष्टी चालू ठेवल्या. दादा बोट हलवून 'चादर, चादर' करत तिच्या चुका दुरुस्त करायचा, आणि काय दुरुस्त करतोय ते तिला कळायचं, कारण खरं काय ते तिला ठाऊक होतं. एवढ्यावरही तिचं चाललं असतं. जन्मभर चाललं असतं.

गुलाब भरात होते तेव्हाच केव्हातरी त्याला पुन्हा एक झटका येऊन गेला. मोठा नव्हता. पडला नाही, बेशुद्ध झाला नाही. एका सकाळी घास तोंडात धरून बसला, गिळेना. तोंड आणखी थोडं वाकडं दिसलं. तरुण डॉक्टर घरी येऊन गेले. निघताना दारात म्हणाले, "असे छोटे छोटे येत राहतील. प्रत्येक वेळी थोडं थोडं जाईल." काय जाईल, हे तिने विचारलं नाही.

दोन-तीन दिवस तिने त्याला आराम पडू दिला. मग गवंड्याने त्याला पुन्हा बागेत आणून बसवलं. ऊन छान होतं, डाळिंबाखाली लाल फुलांचा सडा पडला होता. आज राखून ठेवलेली गोष्ट काढायची असं खारूताईने ठरवलं होतं. ही दादाची सर्वांत लाडकी. या गोष्टीत एका शब्दाचीही ढवळाढवळ केलेली तो खपवून घ्यायचा नाही.

दादा दहा-अकरा वर्षांचा असेल. बापाची उंच सायकल, तो नळीखालून पाय घालून चालवायचा. एकदा उतारावर ब्रेक लागेना. समोर प्रार्थनेचं सभागृह, दार सताड उघडं, आत माणसं डोळे मिटून बसलेली. सायकल पायरीवरून उडी मारून सरळ आत. मधल्या वाटेने घरंगळत, घंटी वाजवत, थेट पुढपर्यंत. प्रार्थना सांगणारे म्हातारे गृहस्थ समोर उभे होते. त्यांनी एक डोळा उघडला आणि त्याच संथ सुरात म्हणाले, "आलास, बरं झालं. सायकल भिंतीला लाव आणि बस." दादा बसला. त्या दिवसापासून तो एकही दिवस प्रार्थनेला चुकला नाही. लोक आपापल्या श्रद्धेविषयी मोठं मोठं काय काय सांगायचे. दादा म्हणायचा, "मला तर ब्रेक नव्हता म्हणून देव भेटला."

खारूताईने दोरा तोडला, कापड बाजूला ठेवलं आणि घसा खाकरला. "दादा, आठवतं का, मी लहान असताना बाबांची सायकल घेऊन प्रार्थनेत शिरले होते ते?"

दादाने तिच्याकडे पाहिलं.

"मीच. तू घरी होतास, ताप आला होता तुला. उतारावर माझा ब्रेक लागेना." ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर होता. "मी सरळ आत गेले. आणि ते म्हातारे मला म्हणाले, आलीस, बरं झालं."

दादा हसला. मान डोलावली. कुणा परक्या माणसाने प्रवासात एखादा मजेदार किस्सा सांगावा आणि आपण सभ्यपणे हसावं, तसं. डोळ्यांत उत्सुकता होती, पुढे काय झालं असं विचारल्यासारखी.

"दादा, मी होते का सायकलवर?"

त्याने मान डोलावली.

"नाही रे. तू होतास. तू! नळीखालून पाय घालून. घंटी वाजवत. आठव ना." तिचा आवाज चढला. तिने ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, बरोबर, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, तो सांगायचा अगदी तशी. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक गोष्ट संपूर्ण बरोबर सांगितली. दादा ऐकत राहिला, आणि शेवटी तेवढंच हसला, तेवढीच मान डोलावली.

संध्याकाळी तिने प्रार्थना म्हटली. "चांगलं झालं ते आमचं, चुकलं ते तुझं," म्हणाली आणि थांबली. दादा ताटाकडे बघत होता. ती मोठ्याने म्हणाली, "उद्या दार उघडू नकोस." तरी काही नाही. त्याला भूक लागली होती. तिने घास भरवला.

त्यानंतरही तिने काही दिवस नेटाने प्रयत्न केले. कधी खरी गोष्ट सांगायची, कधी खोटी, कधी अर्धी अर्धी. दादाला सगळ्याच आवडायच्या. पुढे पुढे तो ऐकता ऐकता झोपूनही जाऊ लागला. 'चादर'सुद्धा कमी कमी होत गेली आणि एक दिवस बंद झाली. कुठल्या दिवशी, ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

रविवारी धाकटीचा फोन आला. खारूताईने तिला सगळं सांगितलं. धाकटी समजूत घालायला म्हणाली, "ताई, त्याला राहू दे. तू तरी आहेस ना सगळं आठवणारी? मी परवाच माझ्या मुलांना ती सायकलची गोष्ट सांगितली. तू प्रार्थनेत शिरलीस ती. इतकी हसली पोरं!"

"अगं, मी नव्हते ती. दादा होता. मी ते त्याला डिवचायला म्हणत होते."

"हो का? पण मागच्या रविवारी फोन चालू ठेवून तू दादाला सांगत होतीस, तेव्हा अगदी खरं वाटलं." धाकटी हसली. "आणि आईने तुला शिवण शिकवलं ते? ते तरी खरं ना?"

"आईला सुई ओवता यायची नाही."

"अगं पण मला चांगलं आठवतंय, आई खिडकीशी बसून शिवतेय..."

"ती मी असेन."

"असशील," धाकटी म्हणाली. "जाऊ दे ना ताई. काय फरक पडतो आता?"

फोन ठेवल्यावर खारूताई मशीनपाशी जाऊन बसली. आई खिडकीशी बसून शिवतेय. तिने डोळे मिटून पाहिलं आणि तिलाही ते दिसलं, चांगलं स्वच्छ दिसलं, सुई टोचू नये म्हणून आईने बोटात घातलेल्या अंगुस्तानासकट. ती घाबरून उठली. आत्या की काका? आत्याच. जांभळा गाल उजवा की डावा? बकरीने टोपी खाल्ली, ती नवी होती की जुनी? तिने एकेक चाचपून पाहायला सुरुवात केली आणि जिथे हात घालावा तिथे दोन-दोन वस्तू हाताला लागू लागल्या, एक घडलेली आणि एक तिने घडवलेली, दोन्ही सारख्याच वापरून गुळगुळीत झालेल्या. एवढ्या वर्षांत तिने स्वतः काहीच नीट सांभाळून ठेवलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. ते काम दादाचं होतं. आता जगात असं कुणीही नव्हतं, ज्याला जाऊन विचारावं. त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीशी ती अडली. "आत येऊ" की "आत घे"? दोन्ही म्हणून पाहिलं. दोन्ही बापाच्या आवाजात ऐकू आलं.

बोलणं शिकवणारी बाई शेवटचं येऊन गेली ती एका उष्ण दुपारी. तिने पत्ते बाहेर काढलेच नाहीत. दादाशेजारी नुसती बसली, त्याचा हात हातात घेऊन, आणि जाताना म्हणाली, "मावशी, माझ्या येण्याने आता काही होणार नाही. खोटं सांगून येत राहणं मला बरं वाटत नाही." खारूताईने तिला चहा दिला, तिच्या पर्सचा उसवलेला बंद उभ्या उभ्या शिवून दिला. बाईचे डोळे भरून आले. खारूताईचे आले नाहीत. बाईला फाटकापर्यंत सोडून ती मागे बागेत आली.

तुती संपल्या होत्या. जमिनीवर पडलेल्या वाळून काळ्या झाल्या होत्या, त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या. गुलाबाच्या कमानीवर नुसते देठ उरले होते. ते वेळीच कापायचे असतात एवढं तिला ठाऊक होतं, पण कुठून कापायचे, कितव्या पानावर, ते ठाऊक नव्हतं. दादावरची झाडाची सावली सरकली होती आणि ऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं. तिने खुर्ची ओढून पाहिली. पुढचं एक चाक मऊ मातीत रुतलं होतं, हलेना. तिने जोर लावला, पाठीत कळ आली, ती थांबली.

"गवंडी येईल आता," ती म्हणाली. "त्याची वाट बघू."

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. नजर भिंतीवर कुठेतरी होती, शांत. आत जाऊन तिने शिवायला आलेल्यांतला एक जुना कोट आणला, तो त्याच्या गुडघ्यांवर टाकला, आणि त्याचं तोंड उन्हाआड राहावं म्हणून खुर्चीच्या बाजूला उभी राहिली. गवंड्याला यायला अजून बराच अवकाश होता. ऊन सरकेल तसतशी तीही थोडी थोडी सरकत राहिली. बोलावंसं तिला काही वाटलं नाही.